रिकिबीचा स्नायू

अप्पांचा आवाज नव्वद हर्ट्झच्या आसपास होता. बहुतेक पुरुषांचा याहून बराच वर असतो. घरातल्या माणसाचा आवाज कुणी असा आकड्यात मोजत नाही, पण खालचे आवाज हाच माझा धंदा होता आणि माझा पहिला मायक्रोफोन आला त्या दिवशी समोर बसवायला दुसरं कोणी मिळालं नव्हतं.

ते सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. मल्लिनाथ हत्तुरे. गाड्या पुकारायचं काम निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं, कारण दुसऱ्या कोणी पुकारलं तर प्रवासी केबिनपाशी येऊन पुन्हा विचारत. गावाचं नाव घेण्याआधी ते किंचित थांबत आणि मग ते नाव हलकेच खाली ठेवत. हमाल आणि कॉलेजची पोरं त्या लयीची नक्कल करायची. घरातही ते तसेच बोलत. "जेवण... लागलेलं आहे," असं ते आईच्या वतीनं पुकारायचे आणि आई आतून म्हणायची, "लागलेलं नाही. अजून डेपोतच आहे."

मी त्यांची मुलगी, राजेश्वरी. घरात राजी. अक्कलकोट रोडला बंद पडलेल्या यंत्रमागाच्या एका शेडमध्ये मी आणि श्रीनिवास गड्डम, आमचा सिनू, हिपहॉपची गाणी बनवायचो. शब्द त्याचे, मराठी-तेलुगू-दखनी असे मिसळलेले. ताल आणि आवाज माझे. तो मला अक्का म्हणे.

रॅप ऐकणाऱ्याला वाटतं की आपण शब्दांसाठी थांबलो. त्याला थांबवतात ते खालचे दोन आवाज, किक म्हणजे ढोलाचा ठोका, आणि बेस म्हणजे त्याखाली वाहणारा जाड सूर. दोघांची जागा एकच असते आणि तिथंच भांडण होतं. एकाच दारातून दोन जाड माणसं एकदम आत शिरायला गेली की कोणीच आत जात नाही, तसं. म्हणून किक आली की क्षणभर बाजूला व्हायला आम्ही बेसला शिकवतो. ऐकणाऱ्याला बेस वाकलेला कळत नाही, किक मोठी वाटते. आमची किक तीन थरांची होती. टोक हलगीच्या काडीचं. छाती मागाच्या ठोक्याची. सिनूच्या वडिलांनी ते कामाला जात त्या कारखान्यात, चालू मागाखाली फरशीवर माइक ठेवायला लावून तो आम्हाला मिळवून दिला होता. आणि शेपूट एका शुद्ध खालच्या सुराचं, गाण्याच्या पट्टीत लावलेलं. तिन्ही लाटा एकाच दिशेनं उचलायला हव्यात, नाहीतर एकमेकींना खाऊन टाकतात आणि हातात नुसता भोपळा राहतो.

गाणं तयार झालं की सिनूच्या मामाच्या रिक्षात वाजवायचं आणि मग अप्पांना बोलवायचं. ते शेडच्या पत्र्याच्या दाराला तळवा लावून उभे राहत. "पत्रा बोलतोय," म्हणत, "पोट बोलत नाही." मग मी पुन्हा बसायची.

मिरवणुकांमध्ये गाड्यांवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतींनी घरांना तडे गेले, काही माणसं जागीच गेली, आणि शेवटी खालच्या आवाजावर कायदा आला. चौकाचौकात मोजमापाचे खांब उभे राहिले. मर्यादा ओलांडली की त्या गाडीची वीज आपोआप जाई. कायदा योग्यच होता असं मला तेव्हाही वाटत होतं, पण आमच्या गाण्यांमधलं पोट गेलं आणि कामंही गेली. सिनू काही महिने चादरीच्या दुकानात बसला.

त्याच सुमाराला पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं 'पोकळ' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं.

ते कसं चालायचं ते सांगते. आपल्या मधल्या कानात तीन बारकी हाडं असतात. शेवटच्या हाडाचा आकार घोड्याच्या रिकिबीसारखा, म्हणून त्याला रिकीब म्हणतात. तिला एक स्नायू धरून असतो, आख्ख्या शरीरातला सगळ्यात लहान. मोठा आवाज आला की तो आवळतो, रिकीब ताठ होते आणि आवाज आत कमी जातो. विशेष म्हणजे तो मुख्यत्वे खालचे आवाज अडवतो, वरचे जाऊ देतो. आपण स्वतः बोलायच्या आधीही तो आवळतो, नाहीतर आपल्याच आवाजानं आपले कान भरून गेले असते. निसर्गानं बसवलेला दाराचा अडसर म्हणा.

'पोकळ' गाण्यात एक अतिशय बारीक सळसळ पेरत असे. कानाला ती जाणवायची नाही, पण स्नायूला जाणवायची. किक येण्याच्या जरा आधी अडसर पडायचा आणि सगळं खालचं जग विझायचं. किक पोचण्याच्या क्षणी दुसरी सळसळ अडसर उघडायची. विझलेल्या अंधारात लावलेली काडी जशी डोळ्यांत शिरते तशी ती किक शिरायची. खांबावरचा आकडा मर्यादेच्या आत, आणि छातीत मात्र स्पीकरच्या जुन्या भिंतींएवढा दणका. आम्ही इतकी वर्षं बेसला वाट द्यायला शिकवत होतो. आता ऐकणाऱ्याचा कानच वाट देत होता.

आमचं पहिलं 'पोकळ'वालं गाणं वर्षभर वाजलं. मग सगळ्यांनीच ते घेतलं. जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, देवळातल्या आरत्या, फोनच्या रिंगा. आईच्या मोबाइलवरची आम्हा लिंगायतांची वचनंसुद्धा त्यातूनच येऊ लागली. शहर शांत झालं असं लोक म्हणायचे. रिक्षांचा, ट्रकचा त्रास होत नाही म्हणायचे. पादचाऱ्यांना धडक बसल्याच्या बातम्या वाढल्या होत्या, पण त्या वेगळ्या पानावर असत.

अप्पांचा आवाज बसत चाललाय, हे आधी आईच्या लक्षात आलं. ते तोंडातल्या तोंडात बोलतात अशी तिची तक्रार होती. मलाही त्यांची वाक्यं पातळ वाटायची, नुसती 'स' आणि 'त' ऐकू यायची, मधला माणूस नाही. निवृत्त माणसाचं घरात कोण ऐकतं, अशी थट्टा गल्लीतल्या प्रत्येक घरात चालायची. ज्याला-त्याला आपल्याकडचा म्हातारा पुटपुटायला लागलाय असं वाटत होतं, म्हणून कोणालाच नवल वाटत नव्हतं. अप्पा दुसऱ्यांदा बोलत, तिसऱ्यांदा बोलत, मग राहू दे म्हणत. पुढे पुढे त्यांनी पहिल्यांदा बोलणंही कमी केलं. घशाच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, तरण्या पोराचा घसा आहे. परत येताना अप्पा रिक्षातून बाहेर बघत होते. घसा नीट आहे आणि आवाज नाही, याचा अर्थ त्यांनी आपल्या मनाशी काय लावला असेल ते मी विचारलं नाही.

सिनूला नव्या गाण्याच्या सुरुवातीला अप्पांची पुकारणी हवी होती. त्यांना शेडमध्ये आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी पुकारलं आणि मी कानांना हेडफोन लावून बसले होते, आणि मला सळसळीशिवाय काही मिळेना. केबल बदलली. माइक बदलला. सिनूनंही ऐकलं आणि म्हणाला, बारीक येऊलालंय अक्का, खालचं वाढव. पडद्यावरची लहर मात्र जाड, भरलेली, अगदी पहिल्या दिवशी होती तशीच. मी स्पीकरच्या कागदावर हात ठेवला. तो थरथरत होता. माझ्या हाताला अप्पा ऐकू येत होते.

ते गेल्यावर मी दार लावून स्वतःची परीक्षा घेतली. एकटा खालचा सूर वाजवला की स्वच्छ ऐकू यायचा. तोच सूर ठरावीक अंतरानं वाजवत राहिलं की विरत जायचा आणि थोड्या वेळानं नाहीसा व्हायचा. मशीन थांबलेलं नसायचं. अंतर मध्येच चुकवलं की एकदम परत यायचा.

'पोकळ'मागचं संशोधन डॉ. हेमांगी केळुस्कर यांचं होतं. मी पुण्याला जाऊन त्यांना भेटले. त्यांनी टाळाटाळ केली नाही. डोळ्यावर फुंकर मारण्याआधी दर वेळी टाळी वाजवली तर काही दिवसांनी नुसत्या टाळीनं पापणी मिटते, असं त्या म्हणाल्या. हा स्नायू पापणीसारखाच शिकतो. रोज हजारो वेळा त्याला शिकवलं गेलं की पुढे येणाऱ्या खालच्या ठोक्याच्या आधी मिटायचं. आता त्याला सळसळीची गरज उरली नव्हती. ज्याचा अंदाज बांधता येतो असा कुठलाही खालचा आवाज येणार म्हटलं की तो मिटत होता. उघडण्याची खूण मात्र फक्त गाण्यात होती. माणसाच्या वाक्यात ती नव्हती.

मी विचारलं, मग घरातलीच माणसं का? बाजारातला अनोळखी माणूस मला ऐकू येतो.

"कारण त्याचं पुढचं वाक्य तुम्हाला माहीत नसतं," त्या म्हणाल्या. "आवाज जितका ओळखीचा, तितका मेंदूचा अंदाज पक्का. सगळ्यात आधी जवळची माणसं जातात."

स्नायू विसरेल का, यावर त्यांचं म्हणणं होतं की कित्येक महिने कुठलाच 'पोकळ'वाला ताल कानावर पडला नाही तर कदाचित. मग त्याच हसल्या, कारण आम्ही बसलो होतो त्या उपाहारगृहातही गाणं चालू होतं. बायकांचे आणि मुलांचे आवाज उंच असतात, त्यांना धोका नाही, असं त्यांनी निघताना आवर्जून सांगितलं. हे सगळं कंपनीला कळवलंय, असंही म्हणाल्या. कंपनीनं काय केलं हे मी विचारल्यावर त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

घरी येऊन अप्पांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडाकडे बघून बोलणं वाचायची मला एव्हाना सवय झाली होती. त्यांनी घशाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे माझा घसा चांगला आहे?"

"हो अप्पा."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

उपाय त्यांनीच काढला. अंदाज चुकवला की ऐकू येतं ना, मग चुकवू या. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातून स्पष्ट, भरघोस हाक आली, "अक्कलकोट, चहा घे." मी दचकून वळले. त्यांचा आवाज आख्खाच्या आख्खा खोलीत उभा होता. आईच्या हातातलं पातेलं वाजलं. तिला त्यांनी तुळजापूर केलं. चार-दोन दिवसांत ती नावंही सवयीची झाली आणि विरू लागली, तेव्हा ते पुढच्या गावाला गेले. मी नळदुर्ग झाले, मग मंगळवेढा, मग इंडी. "मला बार्शी म्हणायचं नाही," आई म्हणाली, "तिथली माणसं राजीच्या बारशाला रुसून गेली होती." अप्पांनी मुद्दाम दिवसभर बार्शी चालवली. त्या काळात आमच्या घरात जितकं हसणं झालं तितकं ते नोकरीत असतानाही झालं नव्हतं. वाक्यंही ते उलटीसुलटी करायचे, मध्येच थांबायचे, नको तिथं चढवायचे. ज्या लयीसाठी लोक त्यांना ओळखत ती त्यांनी स्वतःच्या हातानं मोडून काढली.

माझ्या बाजूनं मी 'पोकळ' सोडलं. घरातले रेडिओ, टीव्ही बंद केले. आई शेजारी जाऊन मालिका बघायची हे मला कळायचं, पण तिच्याकडे दुसरं काय होतं? आणि मी जे झालं ते लिहून काढलं, सगळी शास्त्रीय माहिती देऊन, लोकांना वाचता येईल असं. ते खूप वाचलं गेलं. मग पत्रं आली. नवऱ्याचं घोरणं बंद करायला कुठलं गाणं किती दिवस ऐकावं? सासऱ्यांचं खोकणं? तळमजल्यावरची गिरणी? भीती वाटली असं लिहिणारी माणसं थोडी होती. कंपनीनं दोन महिन्यांत 'निवांत' नावाचं नवीन ॲप काढलं. नको असलेला आवाज त्याला ऐकवायचा, ते त्यावर ताल बांधून द्यायचं आणि आठवडाभरात तो आवाज तुमच्यापुरता संपायचा. तालांचं काम त्यांनी सिनूला दिलं.

मी त्याला शेडमध्ये गाठलं. तो माझ्याकडे न बघता केबल गुंडाळत होता.

"माझ्या बापाचे कान मागानं खाल्ले, तेव्हा कुणी लेख लिहिला का अक्का?" तो म्हणाला. "आता निदान लोक मजेत बहिरे होऊलालेत. स्वतःच्या मर्जीनं."

तुझ्या पोराला तुझी हाक ऐकू येते का, असं मी त्याला विचारलं. त्याला राग आला नाही. येत नाही, म्हणाला, पण तशीही कुठं ऐकत होता. त्या दिवसानंतर मी शेडची माझी चावी त्याच्या टेबलावर ठेवून दिली.

अप्पांची गावं संपत आली. कर्नाटकातली झाली, मराठवाड्यातली झाली. मग भाज्या, मग नद्या. नावं लवकर जुनी होऊ लागली. आमचे कान आता त्यांच्या चुकवण्याचाही अंदाज बांधू लागले होते. ते थकले होते. साधं पाणी मागायलाही त्यांना आधी विचार करावा लागे. उशाशी आम्ही पितळेची घंटी आणून ठेवली तेव्हा त्यांनी ती एकदा वाजवून बघितली आणि म्हणाले, मी काय देवळातला नंदी आहे का. एका संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले.

"मला एकदा तुला राजी म्हणायचंय," ते म्हणाले. हे वाक्य नवीन होतं, म्हणून ऐकू आलं.

"म्हणा की अप्पा."

त्यांनी म्हटलं. मी त्यांचे ओठ पाहिले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चला सीना नदी, दिवा लावायची वेळ झाली."

थंडीत गुरव्वा आत्या आली. अप्पांची धाकटी बहीण, अक्कलकोटच्या पलीकडे शेतात राहणारी. तिच्याकडे फोन होता तो फक्त उचलण्यापुरता. कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणि शेंगा घेऊन आली होती. दुपारी आई आणि मी पुढच्या खोलीत त्या शेंगा फोडत बसलो होतो. मधलं दार उघडं होतं. अप्पा आत पडले होते. आत्या मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. ती ओल्या हातांनीच दारात आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. आम्ही दोघी काहीतरी बोलून हसत होतो.

"अगं, तू अशी काय बसलीस?" ती मला म्हणाली. "तुझा बा कवाधरनं हाका मारतोय."

ते खाटेच्या काठावर बसले होते, एका बाजूला कललेले. घंटी हाताशीच होती. तिला त्यांनी हात लावला नव्हता. छातीत कळ आलेला माणूस घंटी शोधत नाही, तो आपल्या माणसांना नावानं बोलावतो. ते किंचाळले असते तर आम्हाला ऐकू गेलं असतं. आधी कधी न काढलेला कसलाही आवाज काढला असता तरी. पण आत्यानं मला नंतर सांगितलं, आधी त्यांनी राजी म्हटलं, मग आईला सुनंदा, मग कितीतरी वेळा राजी. नेहमीसारखंच. म्हणून तिला आधी वाटलं की चहा हवा असेल.

दवाखान्यात कळ कधी सुरू झाली असं विचारलं तेव्हा आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. उत्तर आत्यानं दिलं.

आमच्यात माती देतात. त्यांना बसवलेल्या स्थितीत खाली उतरवताना जंगमस्वामींच्या मंत्रांच्या ओळी मला मध्येमध्ये ऐकू येत होत्या, मध्येमध्ये नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत होती की फार पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही, एक शब्द न बोलता गेले. हे ती इतकं मनापासून सांगायची की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. आत्या माझ्याकडे बघायची. मी खाली बघायची. आत्या परत गेली तेव्हा माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, राहू दे, तिला तेवढं राहू दे.

मला मात्र तेवढ्यावर राहता येईना. माझ्याकडे त्यांच्या त्या दिवशीच्या पुकारणीची फाइल होती. रोज लावायची. लहर पडद्यावरून सरकायची आणि कानात वाळू पडायची. गेलेल्या माणसाचा आवाज आठवणीत किती दिवस टिकतो याबद्दल मी बरंच वाचलं. ते वाचून काही फायदा झाला नाही; माझ्या आठवणीतही ते पुटपुटू लागले होते.

एक जुनी शस्त्रक्रिया आहे. काही लोकांचा हा स्नायू विनाकारण फडफडत राहतो, कानात सतत टकटक होते. तेव्हा त्याची दोरी कापून टाकतात. पुण्यातल्या सर्जननी मला तीनदा परत पाठवलं. दोरी पुन्हा जोडता येत नाही, हे त्यांनी सांगितलं. मोठे आवाज सरळ आत येतील, गाण्याचं काम कायमचं सोडावं लागेल, आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमेल, कारण तो अडवणाराही हाच स्नायू. मी सगळ्याला हो म्हटलं. कापताना कानात दोरा तुटल्याचा बारीक आवाज आला, एका बाजूला आणि मग महिन्यानं दुसऱ्या बाजूला.

पट्टी निघाल्यावर मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून "रिक्षा" म्हटलं आणि माझ्या कवटीत कुणीतरी पुरुष बोलला असं वाटलं.

सोलापूरला पोचल्यावर मी आधी शेडवर गेले. सिनू नव्हता. त्याचे वडील बाहेर बसले होते, त्यांनी दार उघडून दिलं. मी आवाज अगदी लहान ठेवला आणि फाइल लावली. अप्पा आले. फलाट, गाडी, थांबणं, आणि मग हलकेच खाली ठेवलेलं गाव. पोटासकट. पुकारणी संपल्यावर मी रेकॉर्डिंग लगेच थांबवलं नव्हतं. खुर्ची करकरली आणि ते म्हणाले, राजी, नीट आलं का गं? मी त्या दिवशी समोरच बसले होते. केबल तपासत होते. मी त्यांना उत्तर दिलेलं रेकॉर्डिंगमध्ये नाही.

घरापर्यंत चालत गेले. आमची गल्ली शांत झालीय असं जे म्हणतात त्यांनी माझे कान लावून एकदा तिच्यातून जावं. एका खिडकीत कुणी म्हातारा पाणी मागत होता. दुकानात बाप पोराला पुन्हा पुन्हा एकच पुडा आणायला सांगत होता आणि पोरगं पाठ करून उभं होतं, चेहऱ्यावर कसलाही उद्धटपणा नव्हता. मागून पाण्याचा टँकर आला तेव्हा सगळ्या रस्त्यावर मी एकटीच बाजूला झाले. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी थांबवली आणि उतरून माणसांना हातानं बाजूला केलं. घराघरातून खालच्या आवाजातल्या हाका येत होत्या. कुठल्याच दारातून कोणी बाहेर बघत नव्हतं.

आई गॅसपुढे उभी होती. मी पुण्यात असताना झोप यावी म्हणून शेजारच्यांनी तिच्या फोनवर 'निवांत' घालून दिलं होतं; तो कट्ट्यावर पडला होता आणि बारीक ताल धरून होता. त्याच्या नव्या आवृत्तीत आवाजांची मर्यादा बरीच वर नेल्याचं, बायकामुलांचे उंच आवाजही त्यात येत असल्याचं मी वाचलं होतं. मला ती फाइल तिला ऐकवायची नव्हती. मला फक्त सांगायचं होतं की मी आले.

"आई," मी म्हटलं.

ती डाळ ढवळत राहिली. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, लहानपणापासून मारत आले तशीच. माझ्या डोक्यात ती मंदिराच्या गाभाऱ्यासारखी घुमली. आईच्या पाठीवर काही हललं नाही. दोन पावलांवर उभी होते मी. तिच्या खांद्याला हात लावता आला असता, पण मला ते करवेना.

लग्नात तिचं नाव बदललं. त्याआधीचं नाव तिच्या आईवडिलांनी आणि थोरल्या भावानं तेवढं वापरलं, आणि ती तिन्ही माणसं केव्हाच गेली. मी ते कधी तोंडात घेतलं नव्हतं. कोणतीच मुलगी घेत नाही.

"नीलव्वा," मी म्हटलं.

आई गर्रकन वळली. पळी तिच्या हातातच होती. तिचा चेहरा मी कधी न पाहिलेल्या एका मुलीसारखा उघडा झाला होता. तिची नजर माझ्यावरून सरकली आणि माझ्या मागच्या दारावर जाऊन थांबली.

"आले, आले," ती दाराकडे बघत म्हणाली, आणि तिनं पदर सावरला.